अर्कचित्र स्पर्धेचे नियम आधी बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रकलेच्या स्पर्धा आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांत आणि चवथीच्या मंडळांत पूर्वीपासून होत आल्या आहेत. त्यात आता ‘सेलिब्रिटी अर्कचित्र’ (प्रसिद्ध व्यक्तीचे कॅरिकेचर) असा एक गट दिसू लागला आहे. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या जन्मशताब्दीमुळे (जन्म २ मे १९२६) विषयापुढे ‘मारिओ शैलीत’ हे दोन शब्दही जोडले जातात. मुलांना मिळतो एक फोटो, एक ए-फोर कागद, स्केचपेनांचे एक पाकीट आणि एक तास. अर्कचित्रांवरच ज्यांचे पोट आहे अशा आम्हा काही जणांचे म्हणणे एवढेच, की यातला तास सोडला तर बाकी सगळेच चुकते आहे. तासभर तसा पुरतो, पण तो कशावर घालवायचा हे मुलांना कोणी सांगत नाही.

आधी मारिओंविषयी. दमणला जन्मलेला आणि लोटलीच्या घरातला हा माणूस गोव्याचा सर्वांत मोठा रेषाकार होता, यात वाद नाही. पण ते प्रसिद्ध व्यक्तींचे अर्कचित्रकार म्हणून ओळखले जात नाहीत. मिस फोन्सेका, मिस निंबूपानी, मंत्री बंडलदास ही त्यांच्या चित्रांतली माणसे खरी नव्हेत, ते नमुने आहेत. मिस फोन्सेका कोणासारखी दिसते असे आजवर कोणी विचारले नाही, कारण ती कोणासारखी दिसायची नव्हतीच. पोदेर (पाववाला), पाद्री, बाजारातली नुस्तेकान्न (मासळीवाली), तियात्राला, म्हणजे कोकणी नाटकाला, जमलेली गर्दी हे मारिओंचे सामर्थ्य. त्यांची रेषा बारीक आणि सर्वत्र जवळपास सारख्या जाडीची असते, सावली आडव्या-उभ्या बारीक रेघांनी भरलेली असते आणि चित्राचा कोपरानकोपरा भरलेला असतो. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतीवर हे नीट पाहता येते.

अर्कचित्राला नेमके उलटे लागते. जिथे चेहऱ्याचे वैशिष्ट्य तिथे रेषा जाड आणि भरीव, बाकी ठिकाणी कमीत कमी. एखाद्या नटाला मारिओंचे टपोरे डोळे आणि टोकदार नाक चिकटवले की तो चेहरा मारिओंच्या पात्राचा होतो, नटाचा उरत नाही. परीक्षकांसमोर मग वीस कागदांवर एकच चेहरा वीस नावांनी येतो. मारिओंकडून मुलांनी काही घ्यायचेच असेल तर त्यांची चित्रडायरी घ्यावी. लहान वयापासून ते रोजच्या दिवसाची नोंद चित्रांत करत. पुढे एक वर्ष पोर्तुगालला शिष्यवृत्तीवर आणि नंतर पाच वर्षे लंडनला राहून आले तरी पाहिलेले लगेच कागदावर उतरवायची सवय तीच राहिली. रोज पाच चेहरे पाहून काढणारा मुलगा सहा महिन्यांत कुठल्याही कार्यशाळेच्या पुढे जातो.

‘अर्कचित्र’ हा शब्दही फार नेमका आहे. व्यंगचित्रातले ‘व्यंग’ ऐकले की काहींना शारीरिक दोषच आठवतो, आणि मुले तेवढेच काढत बसतात. अर्क म्हणजे उकळून, गाळून उरते ते. इटालियनमध्ये या कलेचे नाव ‘लादणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आले. आपल्याला मात्र लादण्यापेक्षा भट्टी जवळची. काजूचा निरो, म्हणजे बोंडांचा रस, उकळला की आधी हुर्राक मिळतो आणि तो पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी. हुबेहूब चित्र हा निरो. त्यातले अनावश्यक उडवून जे उरते त्याला वास असतो, आणि तो दुरून ओळखू येतो. नुसती अतिशयोक्ती म्हणाल तर ती नरकासुराच्या मुखवट्यातही असते. वटारलेले डोळे, पसरलेले दात, फुगलेल्या नाकपुड्या, सगळे भरपूर. पण नरकासुर कोणासारखा दिसतो? ओळख नसेल तर कितीही वाकवलेला चेहरा नरकासुरच राहतो, आणि स्पर्धांत निम्म्याहून अधिक चित्रे त्याच गटात मोडतात.

आता एका फोटोची गोष्ट. मोबाइलवरचा सेल्फी साधारण फुटभर अंतरावरून निघतो. त्यात पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, चेहऱ्याच्या रुंदीच्या मानाने, नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते आणि कान मागे सरकतात. मुलगा ते नाक आणखी वाढवतो. म्हणजे त्याने माणसाची नव्हे, भिंगाची अतिशयोक्ती केली. सिनेमाच्या जाहिरातीतला फोटो दुसऱ्या टोकाचा. त्यात सुरकुत्या पुसलेल्या आणि जबडा कोरलेला असतो, त्यामुळे अर्क काढायला काही शिल्लकच नसते. कमीत कमी १२ ते १५ फोटो हवेत. समोरून, पाऊण बाजूने, पूर्ण बाजूने, बोलताना, हसताना, कंटाळलेला असताना. वेगवेगळ्या वयांतले असतील तर उत्तम. व्हिडिओ मध्येच थांबवून घेतलेली चित्रे फोटोंपेक्षा उपयोगी पडतात, कारण तिथे माणूस कॅमेऱ्यासाठी बसलेला नसतो.

मग मोजमाप. सर्वसाधारण प्रौढ चेहऱ्यात डोळे डोक्याच्या उंचीच्या मधोमध येतात. डोक्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी भरते. केसांच्या रेषेपासून भुवई, भुवईपासून नाकाचा तळ आणि तिथून हनुवटी, हे तीन भाग जवळपास सारखे असतात. तोंडाची रेषा नाक आणि हनुवटी यांच्यामध्ये वरून एक-तृतीयांशावर येते. समोरचा चेहरा या साच्यापासून कुठे आणि किती ढळतो एवढेच पाहायचे. सुझन ब्रेनन यांनी १९८२ मध्ये अमेरिकेत एमआयटीत संगणकाकडून अर्कचित्रे काढून घेतली ती याच तत्त्वावर. सरासरी चेहरा आणि समोरचा चेहरा यांतला फरक मोजायचा आणि तो काही पटीने वाढवायचा. पुढे १९८७ च्या एका संशोधनात दिसले की ओळखीच्या माणसाचे असे अतिशयोक्त रेखाचित्र हुबेहूब रेखाचित्रापेक्षा लवकर ओळखले जाते. आजची मोबाइलवरची बहुतेक फिल्टरे मात्र फरक मोजायच्या भानगडीत पडत नाहीत. सरसकट सर्वांचे डोके मोठे आणि धड छोटे करतात. म्हणून ती चित्रे गोड दिसतात आणि दोन दिवसांत विसरली जातात.

फरक सापडला की लगेच नाक ओढायला बसू नये. अर्कचित्रात अवयव वाढवायचे नसतात, त्यांच्यातली अंतरे आणि प्रमाणे हलवायची असतात. एक गोष्ट मोठी केली तर दुसरी लहान व्हायला हवी. नाकही मोठे, कानही मोठे, हनुवटीही मोठी असे केले तर हाती येतो तोच चेहरा, फक्त मोठ्या कागदावर. कपाळ उंच करायचे ठरवले तर जबडा आवळा. जबडा पसरवायचा ठरवला तर डोळे जवळ आणा.

एक उदाहरण सविस्तर. अमिताभ बच्चन काढायला सांगितले की मुले चष्मा आणि पांढरी दाढी काढून मोकळी होतात. ती दोन्ही बोटाने झाका आणि उरलेला चेहरा कोणाचा ते विचारा. कोणाचाच नसतो. १९६९ साली गोवा मुक्तीवरच्या चित्रपटातून हा नट पडद्यावर आला तेव्हा ना ती दाढी होती ना तो चष्मा, तरी चेहरा तोच होता. म्हणजे ओळख दुसरीकडे आहे. लांबट चेहरा, आत गेलेले आणि बाहेरच्या कोपऱ्याला उतरलेले डोळे, त्यांच्याखालची जड सावली आणि कानांवर येणारे केस. आधी एक उभा, निमुळता आकार काढा. त्यात डोळे नेहमीपेक्षा थोडे वर घ्या, म्हणजे खालचा चेहरा आपोआप लांब होतो. बाहेरचा कोपरा खाली ओढा, पण दोन्ही डोळे सारखे ओढू नका. खऱ्या चेहऱ्यात ते सारखे नसतात आणि सारखे काढले की मुखवटा होतो. दाढी सर्वांत शेवटी घाला. न घालता जमले तर घालूच नका.

हाच सापळा सगळीकडे आहे. दोन वेण्या आणि पांढरी साडी म्हणजे लता मंगेशकर, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट म्हणजे मनोहर पर्रीकर, केसांतली पांढरी बट म्हणजे इंदिरा गांधी. या खुणा खऱ्या आहेत आणि वापराव्यातही, पण त्या ओळखीला हातभार लावणाऱ्या, ओळखीची जागा घेणाऱ्या नव्हेत. अंगयष्टी आणि हात यांना मात्र मुले फार कमी मोजतात. अमेरिकेतले रंगभूमीचे अर्कचित्रकार अल हर्शफेल्ड (१९०३–२००३) अंधाऱ्या नाट्यगृहात बसून खिशातल्या कागदावर न पाहता खुणा करत. त्या खुणा मुख्यतः उभे राहण्याच्या, मान वळवण्याच्या, हात उडवण्याच्या असत. नंतर न्हाव्याच्या खुर्चीत बसून ते शाईचे चित्र पुरे करत. १९४५ मध्ये मुलगी झाल्यापासून तिचे ‘नीना’ हे नाव ते केसांच्या बटांत आणि कपड्यांच्या चुण्यांत लपवत. वाचक नावे शोधत बसत आणि त्या निमित्ताने चित्राची रेघन् रेघ पाहत.

तर तास कसा वाटायचा? पहिली दहा मिनिटे फक्त पाहायचे. पेन्सिल हातात घ्यायची नाही. पुढची पंधरा मिनिटे काडेपेटीएवढी आठ-दहा चित्रे काढायची, प्रत्येकी दीड मिनिट, खोडरबर न वापरता. त्यातले एक निवडायचे. बहुधा पहिली तीन पुस्तकी असतात, चौथ्या-पाचव्याला हात सुटतो. मग २० मिनिटे मोठे चित्र आणि उरलेल्या वेळात शाई. शाईपूर्वी कागद उलटा धरून आणि आरशात पाहावा. चुकलेले डोळे तिथे लगेच उघडे पडतात. मोठे चित्र करताना लहान चित्रातला धीटपणा हमखास गळतो, कारण हात पुन्हा हुबेहूबकडे ओढ घेतो. यावर उपाय एकच. लहान चित्र फोटोकॉपी करून मोठे करावे, त्यावर ट्रेस करावे आणि फोटो पालथा ठेवावा.

साहित्याबद्दल थोडे, कारण आपला पावसाळा कोणालाच सोडत नाही. स्केचपेन नको, त्याला एकच जाडी असते. ब्रशपेन किंवा तिरकस टोकाचा मार्कर हवा, किंवा सरळ टाक आणि जलरोधक काळी शाई. कागद २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा, गुळगुळीत. जून ते सप्टेंबर साधा कार्ट्रिज कागद हवेतला दमटपणा पितो, त्यावरचा लेप सैल पडतो आणि शाईला पाय फुटतात. रेषेच्या कडेला केसांसारखे तंतू दिसले की कागद गेला असे समजावे. रीम उघडल्यावर उरलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. जलरोधक शाई नेहमी काही मिनिटांत सुकते, पावसात ती अर्धा तासही घेते. वर पेन्सिल खोडायला गेले की काळा फराटा उठतो. निब रात्री तशीच ठेवली तर सकाळी गंजते. पाण्याने धुऊन, पुसून, किंचित तेल लावून ठेवावी आणि वापरण्यापूर्वी ते तेल पुसून टाकावे, नाहीतर शाई निबेवर धरत नाही. पूर्ण झालेले चित्र काचेला चिकटून फ्रेम केले तर पहिल्याच पावसात बुरशीचे ठिपके येतात. मध्ये माउंटबोर्डची, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट ठेवावी.

लग्नसमारंभांतल्या प्रत्यक्ष अर्कचित्रांबद्दलही गैरसमज फार. सध्या गोव्यात बाहेरून येणारी लग्ने बरीच होतात आणि यजमानांना वाटते की एक कलाकार चार तासांत दोनशे पाहुणे उरकेल. एका काळ्या-पांढऱ्या चेहऱ्याला पाच मिनिटे, माणूस बसायला-उठायला एक मिनिट, अधूनमधून हाताला विश्रांती. म्हणजे ताशी आठ ते दहा चेहरे आणि चार तासांत ३२ ते ४०. जोडपे म्हणजे दोन चेहरे, हे ठरवतानाच सांगून टाकावे. रंग हवा असेल तर हा आकडा निम्म्यावर येतो. जागा डीजेपासून दूर हवी. आवाजासाठी नव्हे, उजेडासाठी. लाल दिव्याखाली लाल मार्करची रेषा कागदावर दिसतच नाही आणि पिवळ्या बल्बखाली भरलेला त्वचेचा रंग दुसऱ्या दिवशी भलताच निघतो. दोन पांढरे एलईडी दिवे कलाकाराने स्वतःचे न्यावेत.

अशा ठिकाणी पेन्सिल नसते, थेट मार्कर चालतो. सुरुवात चेहऱ्याच्या मध्यापासून, म्हणजे नाकापासून करावी. मग डोळे, भुवया, तोंड, जबडा आणि शेवटी केस. बाहेरची कड आधी काढली की अवयव तिच्यात कोंबावे लागतात आणि अतिशयोक्तीला जागाच उरत नाही. हसणाऱ्या माणसाचा प्रत्येक दात वेगळा काढला की त्याचे वय दहा वर्षांनी वाढते. वरची हिरडीची रेषा आणि दोन्ही टोके दाखवली की पुरे. नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी लहान मुलांच्या चेहऱ्यावर काढूच नये, पोर म्हातारे दिसते. आणि वधूचा चेहरा काढताना रेषा मोजून वापराव्यात. सासरची मंडळी मागेच उभी असतात.

आता आपल्या दैनिकाकडे थोडे. प्रसिद्ध व्यक्ती गेली की संध्याकाळी सहाला फोन येतो आणि साडेआठला पान जाते. एवढ्या वेळात चित्र होते ते जुनी फाईल हाताशी असते म्हणून. कलाकाराने शंभर चेहऱ्यांचे फोटो आणि काडेपेटी-चित्रे आधीच करून ठेवलेली असतात. तेव्हा छापतानाही थोडी काळजी घ्यावी. चित्र छापील आकाराच्या दीडपट काढणे योग्य. ३० सें.मी. रुंद चित्र साडेसात सें.मी.त दाबले की ०.३ मि.मी.ची रेघ ०.०७५ मि.मी.वर येते. वर्तमानपत्री कागदावर ती एक तर गायब होते नाहीतर शाई पसरून शेजारच्या रेघेला मिळते आणि सावलीच्या जागी काळा डाग उरतो. रेषाचित्र १२०० डीपीआयवर निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करावे. करड्या छटांत केले की रेषेच्या कडांना ठिपक्यांची झालर लागते. आणि चित्र कापताना कोपऱ्यातली सही कापू नये. जागा वाचवायच्या नादात सर्वांत आधी तीच जाते.

सहीचा प्रश्न केवळ मानाचा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन कोणी व्यक्तिचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर हक्क काढून घेणाऱ्याकडे जातात. दोन ओळींचा लेखी करार हवा तो यासाठी. चित्र कुठे छापणार, किती काळ, कपांवर आणि टी-शर्टवर वापरणार का. कलम ५७ प्रमाणे हक्क दिल्यावरही ‘हे चित्र माझे’ असे म्हणण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. संरक्षण कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालते. मारिओ ११ डिसेंबर २०११ रोजी गेले, म्हणजे त्यांची चित्रे २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानांत ‘मारिओ’ म्हणून काहीही विकत घेणाऱ्यांनी आणि स्पर्धेच्या पत्रकावर त्यांचे चित्र परस्पर छापणाऱ्या आयोजकांनी एवढे लक्षात ठेवावे. प्रसिद्ध व्यक्तीचे अर्कचित्र काढले म्हणून लगेच घाबरायचेही कारण नाही. गायक दलेर मेहंदींसारख्या दिसणाऱ्या बाहुल्यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये बाहुल्यांची विक्री रोखली, पण त्याच निकालात अर्कचित्र आणि विडंबन यांना वेगळे ठेवले. वर्तमानपत्रात टिप्पणी म्हणून काढलेले चित्र एक आणि तोच चेहरा साबणाच्या वेष्टनावर विकणे दुसरे.

तेव्हा आयोजकांना विनंती अशी. विषय आठवडाभर आधी जाहीर करा, म्हणजे मुले स्वतः फोटो जमवतील. ‘मारिओ शैलीत’ हे शब्द काढून टाका, किंवा त्यासाठी ‘आपला बाजार’, ‘आमच्या वाड्यावरचे फेस्त’ असा वेगळा गट ठेवा. काडेपेटी-चित्रांचा कागद मुख्य चित्रासोबत जमा करायला सांगा आणि शंभरपैकी तीस गुण त्याला द्या. मोबाइलवरून उतरवलेले चित्र तिथेच कळते. रंगाला गुण ठेवूच नका. परीक्षणाच्या वेळी चित्राखालचे नाव झाका, आणि चित्रकला न येणारा एखादा माणूस, शाळेचा शिपाई किंवा कँटीनवाला, बोलावून त्याला एकेक चित्र दाखवा. तीन मोजेपर्यंत त्याने नाव सांगितले तर ते चित्र पुढच्या फेरीत जाईल. परीक्षकांचे काम त्यानंतर सुरू होते.

आपले,
अर्कचित्रे काढणारे काही जण,
फोंडा व डिचोली, गोवा